१९३५ चा भारत सरकार कायदा : मूळ प्रत कशी आहे, कशी वाचावी

केंद्र आणि राज्यांमधल्या अधिकारवाटपाचा विषय निघाला की चर्चा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून सुरू होते. त्या अनुसूचीचा साचा ज्या कायद्यात घडला, त्याची मूळ प्रत मात्र फार थोडे जण उघडतात. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमध्ये तीन वाक्यं असतात : प्रांतिक स्वायत्तता आली, तीन सूच्या झाल्या, संघराज्य प्रत्यक्षात आलंच नाही. तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण अधिकारांची वाटणी रोजच्या कारभारात कशी चालत होती हे त्यांतून कळत नाही. ते कळायचं असेल तर मूळ मजकुराला पर्याय नाही. तो मजकूर वापरायला कसा आहे, कुठून वाचायला घ्यावा आणि कुठे फसगत होते, हे या परीक्षणात सांगितलं आहे.

आधी प्रत कोणती, ते पाहू. कायद्याला २ ऑगस्ट १९३५ रोजी राजसंमती मिळाली, तेव्हा भारत आणि ब्रह्मदेश दोन्ही एकाच कायद्यात होते : ४७८ कलमं आणि १६ परिशिष्टं. त्याच वर्षी पुनर्मुद्रणासाठी वेगळा कायदा करून त्याचे दोन तुकडे केले गेले. भारतापुरता जो कायदा उरला, त्यात ३२१ कलमं आणि १० परिशिष्टं आहेत. अभ्यासाला हीच प्रत हवी. ओळखायची खूण पहिल्याच पानावर असते : ‘२६ जॉर्ज ५ व १ एडवर्ड ८, प्रकरण २’, म्हणजे राजाच्या कारकिर्दीचं वर्ष आणि त्यातल्या कायद्याचा क्रमांक. ‘२५ व २६ जॉर्ज ५, प्रकरण ४२’ असं छापलेलं असेल तर ती जुनी एकत्रित प्रत. ब्रिटिश सरकारच्या कायदेविषयक संकेतस्थळावर मूळ छपाईची पीडीएफ विनामूल्य मिळते. ती १९३५ मध्ये मंजूर झालेल्या रूपातली आहे, नंतरच्या दुरुस्त्या तिच्यात नाहीत. हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण १२६-अ (आणीबाणीतले प्रशासकीय आदेश) आणि १४२-अ (व्यवसायांवरचा कर) ही दोन महत्त्वाची कलमं तिथे सापडणार नाहीत. दुसरी एक काळजी : जुन्या छपाईत प्रत्येक कलमाचं शीर्षक समासात असतं. स्कॅनवरून अक्षरओळख केली की ते शीर्षक ओळीच्या मध्ये घुसतं आणि वाक्य मोडतं. म्हणून शब्दशोधावर विसंबू नये, कलमाचा क्रमांक धरूनच जावं.

वाचायला सुरुवात पहिल्या कलमापासून करू नये, सरळ कलम १०० वर यावं. अख्ख्या वाटणीचा सांधा तिथे आहे. पहिल्या उपकलमात संघसूचीवरचा केंद्राचा अधिकार, दुसऱ्यात समवर्ती सूची (केंद्र आणि प्रांत दोघांनाही कायदे करता येणारे विषय) आणि तिसऱ्यात प्रांतिक सूची. पण तिन्ही उपकलमं एका उंचीवर नाहीत. केंद्राचा अधिकार ‘पुढच्या दोन उपकलमांत काहीही म्हटलेलं असलं तरी’ लागू होतो, तर प्रांताचा ‘आधीच्या दोन उपकलमांच्या अधीन’ राहून. म्हणजे दोन सूच्यांतल्या नोंदी खरोखरच एकमेकींवर आदळल्या तर केंद्राची नोंद टिकते. हे शब्द नजरेआड करून थेट सातव्या परिशिष्टावर उडी मारणं ही सर्वांत नेहमीची चूक. मग शेतसारा प्रांताकडे, नाणी केंद्राकडे, अशी एक सपाट यादी डोक्यात बसते आणि कोर्टातले वाद का झाले ते कळत नाही.

सातव्या परिशिष्टात संघसूचीच्या ५९, प्रांतिक सूचीच्या ५४ आणि समवर्ती सूचीच्या ३६ नोंदी आहेत. मसुदा म्हणून हे काम पहिल्या दर्जाचं आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. विशेषतः करांच्या नोंदी. कर एकाही समवर्ती नोंदीत नाही. समवर्ती सूचीतल्या विषयांसाठी फक्त शुल्क घेता येतं. शेतीखेरीज इतर उत्पन्नावरचा कर केंद्राकडे (नोंद ५४), शेतीच्या उत्पन्नावरचा प्रांताकडे (नोंद ४१). देशात तयार होणाऱ्या मालावरचं उत्पादनशुल्क केंद्राकडे (नोंद ४५), पण दारू, अफू आणि भांग यांच्यावरची अबकारी प्रांताकडे (नोंद ४०). जमीन आणि इमारतींवरचे कर (नोंद ४२), मालाच्या विक्रीवरचा कर (नोंद ४८), स्थानिक क्षेत्रात येणाऱ्या मालावरचा उपकर (नोंद ४९), करमणूक आणि जुगारावरचा कर (नोंद ५०) हे सगळं प्रांताचं. स्थानबद्धतेचा विषय तर कारण पाहून दोन सूच्यांत विभागला आहे : संरक्षण, परराष्ट्रव्यवहार किंवा संस्थानांशी संबंध यांसाठी असेल तर केंद्र, सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी असेल तर प्रांत. आजची सातवी अनुसूची शेजारी ठेवून पाहा, ओळीच्या ओळी ओळखीच्या वाटतील.

इतकं रेखीव काम असूनही नोंदी एकमेकींत घुसतातच. ते समजून घ्यायला सर्वांत चांगलं उदाहरण आपल्याच भागातलं आहे. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या सरकारने १९३८ मध्ये पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला. केंद्राचं म्हणणं, हे उत्पादनशुल्क आहे, म्हणजे नोंद ४५. प्रांताचं म्हणणं, हा विक्रीकर आहे, म्हणजे नोंद ४८. गव्हर्नर-जनरलने कलम २१३ खाली संघ न्यायालयाचा सल्ला मागितला. हे न्यायालय ऑक्टोबर १९३७ मध्येच सुरू झालं होतं आणि पुढे आलेलं हे पहिलंच प्रकरण. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सोबत सर शाह मुहम्मद सुलेमान आणि मुकुंदराव जयकर. डिसेंबर १९३८ मध्ये उत्तर आलं : कर वैध आहे.

निकालाची रीत पायरीपायरीने पाहावी, कारण कायद्याची प्रत हातात घेऊन दुसरा कोणताही वाद सोडवताना तीच कामाला येते. पहिली पायरी, दोन्ही नोंदी त्यांच्या पूर्ण रुंदीने वाचायच्या. ‘उत्पादनशुल्क’ या शब्दाचा सर्वांत व्यापक अर्थ घेतला तर माल ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत कुठल्याही टप्प्यावर तो लावता येईल. दुसरी पायरी, एक नोंद तशी वाचली तर दुसरीत काही उरतं का, ते तपासायचं. ४५ इतकी रुंद केली तर ४८ पोकळ होते, आणि कायदेमंडळाने प्रांताला पोकळ नोंद दिली असं मानता येत नाही. तिसरी पायरी, दोन्ही नोंदी जिवंत राहतील असा अर्थ लावायचा : मालाच्या उत्पादनाशी जोडलेला कर केंद्राचा, विक्रीच्या व्यवहारावरचा प्रांताचा. कलम १०० मधलं ‘काहीही म्हटलेलं असलं तरी’ हे हत्यार चौथ्या पायरीवर, जुळवून घेणं अशक्य झालं तरच उपसायचं. पुढे १९४२ मध्ये मद्रासच्या विक्रीकराच्या प्रकरणात, उत्पादकाने स्वतः केलेल्या पहिल्या विक्रीवरही प्रांत कर घेऊ शकतो, असं याच न्यायालयाने ठरवलं आणि १९४५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयाने, तीच भूमिका उचलून धरली.

मुंबईचं उदाहरणही मोलाचं आहे. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने दारूबंदी आणायची ठरवली, त्यात अबकारीचं उत्पन्न बुडणार होतं. ती खोट भरून काढायला १९३९ मध्ये शहरी स्थावर मालमत्तेवर कर आला. तो भाड्याच्या वार्षिक मूल्यावर आकारला जात असल्यामुळे मालमत्ताधारकांनी हा खरा प्राप्तिकरच आहे, म्हणजे केंद्राचा विषय, असा दावा केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला. कर मोजण्याचं माप उत्पन्नाशी जुळतं म्हणून कराची जात बदलत नाही. बोजा इमारतीवर आहे, म्हणून नोंद ४२. मोजमाप आणि विषय यांतला हा फरक समजला की करांच्या नोंदी वाचताना होणारा अर्धा गोंधळ मिटतो.

समवर्ती सूचीत सापळे वेगळे आहेत. नोंद ७ मध्ये वारसा आणि मृत्युपत्रं आहेत, पण ‘शेतजमीन वगळून’. शेतजमिनीचं हस्तांतर आणि वारसाहक्क प्रांतिक सूचीच्या नोंद २१ मध्ये गेले आहेत. केंद्रीय विधानसभेचे सदस्य डॉ. गोपाळराव देशमुख यांनी मांडलेला हिंदू स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचा १९३७ चा कायदा यात अडकला. विधेयक केंद्रीय विधानसभेत फेब्रुवारीत मंजूर झालं होतं, पण वरच्या सभागृहाची मंजुरी आणि गव्हर्नर-जनरलची संमती एप्रिलमध्ये मिळाली. आणि १ एप्रिल १९३७ पासून नवी वाटणी लागू झाली होती. १९४१ मध्ये संघ न्यायालयाने सांगितलं की कायदा वैध आहे, पण गव्हर्नरांच्या प्रांतांत शेतजमिनीला लागू नाही. ज्या देशात बहुतेकांची मालमत्ता म्हणजे शेतच, तिथे विधवेच्या हक्कातून नेमकं शेत वगळलं गेलं, ते एवढ्याशा अपवादामुळे. सूचीतला ‘वगळून’ हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित करत वाचावं, असं आम्ही सुचवतो ते यासाठी.

समवर्ती सूचीचे दोन भाग आहेत, हे बऱ्याच टिपणांत येतच नाही. पहिल्या भागात २५ नोंदी : फौजदारी कायदा, दिवाणी प्रक्रिया, विवाह, करार वगैरे. दुसऱ्यात उरलेल्या ११ : कारखाने, कामगार कल्याण, कामगार संघटना, वीज आणि तत्सम विषय. फरक अंमलबजावणीत आहे. कलम ८ नुसार समवर्ती विषयांचा कारभार प्रांताकडेच राहतो. मात्र दुसऱ्या भागातल्या विषयावर केंद्राने कायदा केला आणि त्यात तशी तरतूद ठेवली, तर कलम १२६ खाली केंद्र प्रांताला अंमलबजावणीबाबत निर्देश देऊ शकतं. केंद्राने आपलं काम प्रांताच्या यंत्रणेकडून करून घेतलं तर जादा खर्च कोणी सोसायचा, याचंही उत्तर कलम १२४ मध्ये आहे : केंद्राने. रकमेवर एकमत झालं नाही तर भारताच्या मुख्य न्यायाधीशांनी नेमलेला लवाद ती ठरवेल. केंद्र योजना जाहीर करतं आणि बोजा राज्यावर पडतो, ही तक्रार आजही ऐकू येते. तिच्यावरचा इतका थेट इलाज १९३५ मध्येच लिहून ठेवलेला होता.

कायद्याचं सर्वांत कच्चं कलम १०४. तिन्ही सूच्यांत नसलेला विषय कोणाचा? कॅनडाने तो केंद्राला दिला, ऑस्ट्रेलियाने राज्यांना. इथे तो गव्हर्नर-जनरलला दिला, तोही त्याच्या स्वतःच्या मर्जीवर : त्याने जाहीर सूचना काढून एक तर केंद्रीय किंवा प्रांतिक कायदेमंडळाला तेवढ्यापुरता अधिकार द्यायचा. शेषाधिकार केंद्राकडे हवेत की प्रांतांकडे, यावर हिंदू आणि मुस्लिम नेत्यांत एकमत होत नव्हतं, म्हणून प्रश्न एका माणसाच्या हाती सोपवला. याचा परिणाम असा झाला की मसुदाकारांना शेषात काही उरूच नये म्हणून शक्य तितकं सूच्यांत कोंबावं लागलं. नोंदी इतक्या लांब आणि बारीक का आहेत, त्याचं एक कारण इथे सापडतं.

कलम १०७ मध्ये विसंगतीचा नियम आहे. समवर्ती विषयात प्रांताचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तेवढ्या भागात तो रद्द. पण प्रांताचा कायदा गव्हर्नर-जनरलच्या विचारासाठी राखून ठेवला गेला आणि त्याला संमती मिळाली, तर त्या प्रांतात तो टिकतो. आजच्या घटनेचं कलम २५४ हेच आहे. आणीबाणीची तरतूद कलम १०२ मध्ये : युद्ध किंवा अंतर्गत अशांततेमुळे सुरक्षेला धोका असल्याची घोषणा झाली की केंद्राला प्रांतिक सूचीवरही कायदे करता येतात. मूळ मजकुरात हा अधिकार कायदे करण्यापुरता होता. महायुद्ध सुरू होताच सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिश संसदेने १२६-अ घुसवून प्रशासकीय आदेशांचाही अधिकार दिला. १९३९ नंतरचा कोणताही वाद तपासताना हे कलम वेगळं मिळवून प्रतीत चिकटवावं लागतं.

पैशाचा भाग सातवा. तो वाचताना हमखास निराशा होते, कारण आकडे त्यात नाहीत. कलम १३८ म्हणतं की प्राप्तिकराचा ‘ठरवून दिलेला’ हिस्सा प्रांतांना मिळेल. तो किती, हे ब्रिटिश वित्ततज्ज्ञ सर ऑटो निमायर यांच्या १९३६ च्या अहवालावरून निघालेल्या आदेशात आहे. प्रांतांना एकूण निम्मा वाटा, आणि त्या निम्म्यातले मुंबईला २० टक्के, बंगालला २०, मद्रास आणि संयुक्त प्रांताला प्रत्येकी १५, मध्य प्रांत व वऱ्हाडला ५. शिवाय पहिली पाच वर्षं प्रांतांच्या वाट्यातला काही भाग केंद्राला स्वतःकडे ठेवण्याची मुभा. तागाच्या निर्यातकराचा ६२.५ टक्के हिस्सा ताग पिकवणाऱ्या प्रांतांना. मुंबईची नाराजी समजण्यासारखी होती : प्राप्तिकराचा मोठा भाग तिथून गोळा होई आणि बंगालप्रमाणे तागाचा जोड तिला नव्हता. शाळा, दवाखाने, शेती, पाटबंधारे ही खर्चाची खाती प्रांताकडे आणि वाढत जाणारं उत्पन्न केंद्राकडे, हा असमतोल सूच्या नुसत्या वाचून दिसत नाही. त्यासाठी भाग सातवा आणि सूच्या समोरासमोर ठेवाव्या लागतात.

आता ज्या भागावर बहुतेक वाचकांचा वेळ वाया जातो, त्याबद्दल. भाग दुसरा, म्हणजे संघराज्य, कधीच अंमलात आला नाही. कलम ५ ची अट दुहेरी होती : वरच्या सभागृहात संस्थानांच्या १०४ जागांपैकी किमान ५२ जागांचे हक्कदार संस्थानिक सामील व्हायला हवेत, आणि त्यांच्या संस्थानांची लोकसंख्या सर्व संस्थानांच्या निम्मी तरी असायला हवी. ती पूर्ण झाली नाही. युद्ध लागल्यावर वाटाघाटीच थांबवल्या गेल्या. मग १९३७ ते १९४७ केंद्र कशावर चाललं? याचं उत्तर नवव्या परिशिष्टात आहे. तिथे १९१९ च्या कायद्यातल्या तरतुदी तात्पुरत्या म्हणून जिवंत ठेवल्या होत्या आणि भाग तेरावा त्यांना जोडून घेतो. म्हणून केंद्राचा प्रत्यक्ष कारभार समजून घ्यायचा असेल तर भाग दुसरा बाजूला ठेवून नववं परिशिष्ट वाचावं. प्रांतांत कायदेमंडळाला जबाबदार मंत्री आणि केंद्रात कायदेमंडळाला जबाबदार नसलेली जुनीच राजवट, असं हे दुभंगलेलं यंत्र होतं.

तरी भाग दुसऱ्यातलं कलम ६, सामीलनाम्याचं, सोडू नये. संस्थानिक कोणते विषय देणार ते त्याच्याच दस्तऐवजावर अवलंबून, म्हणजे प्रांतांना एक माप आणि प्रत्येक संस्थानाला वेगळं. त्यात संस्थानांचे प्रतिनिधी प्रजेने निवडलेले नसून राजाने नेमलेले. डॉ. आंबेडकरांनी जानेवारी १९३९ मध्ये पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटच्या व्यासपीठावर या योजनेची चिरफाड केली. कलम ६ आणि पहिलं परिशिष्ट वाचल्यावर त्या टीकेची धार कळते. १९४७ मध्ये संस्थानं भारतात आली तीही याच कलमाच्या सुधारलेल्या रूपाखाली.

प्रांतिक स्वायत्ततेची खरी हद्द कलम ५२ आणि ९३ मध्ये आहे. ५२ मध्ये गव्हर्नरच्या ‘खास जबाबदाऱ्या’ : शांतता, अल्पसंख्याक, सरकारी नोकरांचे हक्क, संस्थानांचे हक्क वगैरे. या बाबींत तो मंत्र्यांचा सल्ला डावलू शकतो. काँग्रेसने १९३७ च्या निवडणुकीनंतर काही महिने मंत्रिपदं घेतली नाहीत, ती यावरूनच. तेवढ्या काळात मुंबईत धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ होतं. याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमात मध्य प्रांत व वऱ्हाडच्या गव्हर्नरवर एक जादा जबाबदारी आहे : प्रांताच्या महसुलातला वाजवी हिस्सा वऱ्हाडात किंवा वऱ्हाडाच्या भल्यासाठी खर्च व्हावा. विदर्भाच्या अनुशेषावर बोलणाऱ्या प्रत्येकाने हे उपकलम मुळातून वाचावं. सोबत कलम ४७ घ्यावं, म्हणजे वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व कागदोपत्री कायम ठेवून कारभार प्रांताशी कसा जोडला होता ते समजेल. कलम ९३ खाली गव्हर्नर सगळी सत्ता स्वतःकडे घेऊ शकत असे. १९३९ च्या अखेरीस खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर मुंबई प्रांतात तेच झालं, आणि १९४६ पर्यंत चाललं.

पाण्याची कलमं, १३० ते १३४, पाच मिनिटांत वाचून होतात. दुसऱ्या प्रांताने पाणी अडवलं तर तक्रार गव्हर्नर-जनरलकडे, त्याने पाटबंधारे, अभियांत्रिकी, प्रशासन, अर्थ आणि कायदा यांच्या जाणकारांचा आयोग नेमायचा, आणि न्यायालयांना या वादात हात घालायला मनाई. सिंध आणि पंजाबच्या सिंधू नदीच्या वादात बेनेगल नरसिंह राव यांचा आयोग याच कलमांखाली नेमला गेला. कृष्णा-गोदावरीचे तंटे लवादांपुढे का जातात, त्याची मुळं इथवर पोचतात.

ही प्रत कोणासाठी? कायद्याचे विद्यार्थी, राज्यशास्त्र शिकवणारे आणि केंद्र-राज्य संबंधांवर लिहिणारे पत्रकार यांनी ती हाताशी ठेवावीच. स्पर्धा परीक्षेपुरतं हवं असेल तर कलम १००, १०२, १०४, १०७, १२६ आणि सातवं परिशिष्ट एवढी पानं छापून घेतली तरी पुरे. वकिलांना मात्र एक इशारा : १९३७ ते १९५० मध्ये झालेला कायदा कोणत्या अधिकारात केला गेला हे तपासताना आजच्या सूच्या लावू नयेत. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये दिला, तेव्हा ‘ताबा’ आणि ‘सीमाशुल्क हद्दीतून आयात’ यांची छाननी १९३५ च्याच नोंदींवर झाली : प्रांतिक सूची ३१ आणि संघसूची १९. १५ ऑगस्ट १९४७ नंतरचा कायदा असेल तर मूळ प्रतही चालत नाही. त्या दिवशी लागू झालेल्या तात्पुरत्या संविधान आदेशाने कलम ९३ गाळलं, खास जबाबदाऱ्या काढल्या आणि कलम ६ नव्याने लिहिलं. तो आदेश वेगळा मिळवून शेजारी ठेवावा लागतो.